घोड्याचे रक्तजल, व्हिएन्नाची मुले आणि ‘ॲलर्जी’ या शब्दाचा जन्म

१/
‘मला धुळीची ॲलर्जी आहे’, ‘त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’ ही वाक्ये आज मराठी घरांत इतकी रुळली आहेत, की हा शब्द कुणी तरी एका ठराविक दिवशी घडवला असेल, असे मनातही येत नाही. परंतु त्याची जन्मतारीख उपलब्ध आहे : २४ जुलै १९०६. जन्मस्थान, म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकातील जेमतेम दोन पानांचा लेख. आणि तो जन्मला तो धुळीमुळे किंवा शेंगदाण्यामुळे नव्हे, तर घोड्यामुळे. त्याचा हा धागा.

२/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील आईबापांना सर्वांत अधिक धाक होता तो घटसर्पाचा. आपल्या भाषेने या रोगास दिलेले नाव फार बोलके आहे. घशात सर्प बसावा तसे हे दुखणे. घशाच्या आत करड्या रंगाचा चिवट पापुद्रा धरतो, तो वाढत श्वासनलिकेपर्यंत उतरतो आणि मूल आईच्या मांडीवर गुदमरते. जी मुले गुदमरण्यातून वाचत, त्यांपैकी काहींचे हृदय जंतूच्या विषाने पुढे अचानक बंद पडे. गळ्याला छेद देऊन नळी बसवणे हाच काय तो उपाय, आणि तोही बहुधा उशिराच होई.

३/
डिसेंबर १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानचे शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले, की धनुर्वात व घटसर्प यांचे विष थोडे थोडे टोचून ज्या प्राण्याला त्या विषाची सवय करून दिली आहे, त्याच्या रक्तजलात विषाला मारणारे काही तरी तयार होते. ते रक्तजल दुसऱ्या प्राण्याला टोचले, तर ते ‘काही तरी’ त्याचेही रक्षण करते. पुढे यालाच प्रतिपिंड म्हणू लागले.

४/
प्रश्न उरला पुरवठ्याचा. सशातून किंवा गिनीपिगमधून निघणारे रक्तजल ते किती! पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू यांनी घोडा निवडला. घोडा मोठा, शांत, विष सोसणारा. एका वेळी काही लिटर रक्त दिले तरी काही दिवसांत पुन्हा उभा राहणारा. १८९४ साली रू यांनी बुडापेस्टच्या परिषदेत आपले आकडे मांडले. पॅरिसच्या बालरुग्णालयात घटसर्पाने दाखल झालेल्यांपैकी पूर्वी सुमारे ५१ टक्के मुले दगावत. रक्तजल सुरू झाल्यावर ते प्रमाण सुमारे २४ टक्क्यांवर आले. त्याच काळात शहरातल्या दुसऱ्या, रक्तजल न वापरणाऱ्या रुग्णालयात ६० टक्के मुले जात होती.

५/
या आकड्यांनंतर वाट पाहणे कुणालाच शक्य नव्हते. युरोप-अमेरिकेतील शहराशहरांत रक्तजलासाठी घोड्यांचे तबेले उभे राहिले. १९०१ साली वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक बेरिंग यांना मिळाले, ते याच कामासाठी.

६/
पण तबेल्यातून येणाऱ्या त्या बाटल्यांबरोबर काही अनिष्टही येत होते. १९०१ साली अमेरिकेत सेंट लुई येथे ‘जिम’ नावाच्या घोड्याचे रक्तजल दिलेली तेरा मुले धनुर्वाताने दगावली. घोड्यालाच धनुर्वात झाला होता आणि ते रक्तजल फेकून देण्याऐवजी बाटल्यांत भरले गेले होते. तो निष्काळजीपणा होता. त्याचे कारण सापडले, कायदा झाला, तपासणी सुरू झाली.

७/
दुसरा प्रकार अधिक चक्रावणारा होता. रक्तजल शुद्ध, घोडा निरोगी, मूल घटसर्पातून बरे झालेले. आईबाप देवाचे आभार मानून मुलाला घरी घेऊन जाणार, एवढ्यात टोचल्यापासून साधारण आठव्या ते बाराव्या दिवशी ताप चढतो. अंगभर गांधी उठतात, आपल्याकडे ‘पित्त उठले’ म्हणतात तशा. गाठी सुजतात, सांधे धरतात, चेहरा फुगतो, कधी लघवीतून प्रथिने जातात. चारसहा दिवसांत सारे आपोआप निवळते.

८/
आणि क्वचित निवळतही नसे. १८९६ मध्ये बर्लिनमधील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक लांगरहान्स यांनी आपल्या लहानग्या मुलाला, तो आजारी नसताना, केवळ प्रतिबंध म्हणून घटसर्पाचे रक्तजल टोचून घेतले. मूल काही मिनिटांत गेले. पित्याने मृत्यूच्या जाहीर निवेदनात दोष थेट बेरिंगच्या रक्तजलाला दिला आणि जर्मनीभर खळबळ उडाली. रक्तजलाच्या विरोधकांना आयते कोलीत मिळाले. समर्थकांनी अन्य कारणे शोधली. त्या दोघांच्या भांडणात खरा प्रश्न बाजूलाच राहिला : औषध शुद्ध, मग इजा कशाने?

९/
आता व्हिएन्नाला जाऊ. तेथील सेंट ॲना बालरुग्णालय १८३७ पासून चालत आलेले. १९०२ साली तेथे प्रमुख म्हणून थिओडोर एशेरिख आले. आतड्यांतील ज्या जंतूला आज ‘ई. कोलाय’ म्हणतात, त्यातला ‘ई’ यांच्याच आडनावाचा. त्यांच्या हाताखाली दोन तरुण डॉक्टर होते.

१०/
पहिला क्लेमेन्स फॉन पिर्के. जन्म १८७४, व्हिएन्नाजवळच्या हिर्शस्टेटन येथील सरदार घराण्यात. घरच्यांच्या मनात त्याने धर्मोपदेशक व्हावे. त्याने इन्सब्रुकला ईश्वरविद्या आणि लूव्हाँला तत्त्वज्ञान शिकून पाहिले, आणि मग सारे सोडून वैद्यकाकडे वळला. दुसरा बेला शिक. जन्म १८७७, हंगेरीत बालाटन सरोवराकाठी. वाढला ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे, ज्यू कुटुंबात. एक उमराव, एक ज्यू. त्या काळच्या व्हिएन्नात ही जोडी जुळणे सोपे नव्हते. दोघांना जोडणारा धागा एकच होता, तो म्हणजे खाटेशी लटकवलेला तापाचा तक्ता.

११/
सेंट ॲनामध्ये तेव्हा पाउल मोझर यांनी स्कार्लेट फीव्हरसाठी नवे रक्तजल तयार केले होते. तेही घोड्याचेच, पण घटसर्पाच्या रक्तजलाहून याची मात्रा फार मोठी, एका वेळी शंभर-दोनशे मिलिलिटर. साहजिकच गांधी-ताप-सांधेदुखीचा तो विचित्र आजार या वॉर्डात अपवाद न राहता नित्याचा झाला. इतरांच्या दृष्टीने ही उपचाराची कटकट होती. पिर्के आणि शिक यांनी तिचीच नोंद ठेवायला सुरुवात केली : कुणाला किती टोचले, कितव्या दिवशी पहिली गांधी उठली, पूर्वी कधी रक्तजल घेतले होते काय.

१२/
शेवटचा प्रश्न निर्णायक ठरला. प्रथमच रक्तजल घेणाऱ्या मुलाला आजार आठ ते बारा दिवसांनी होई. पण काही आठवडे वा महिने आधी एकदा रक्तजल घेतलेल्या मुलाला दुसऱ्यांदा टोचले, तर तोच आजार त्याच दिवशी, कधी काही तासांतच उमटे. मध्ये फार काळ गेला असेल तर त्याच दिवशी नव्हे, परंतु आठव्याऐवजी पाचव्या-सहाव्या दिवशी. आणि मात्रा लहान असली तरी.

१३/
येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण तक्त्यावरच्या या एका फरकातून पुढचे सगळे निघाले.

त्या काळी रोगाच्या ‘परिपाककाळा’चे स्पष्टीकरण सर्वांना ठाऊक होते. गोवराची लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत दिवस जातात, कारण तेवढ्या अवधीत जंतू शरीरात वाढत असतात. पुरेसे वाढले की रोग प्रकट होतो. म्हणजे हा काळ जंतूचा. घड्याळ जंतूच्या हाती.

१४/
पण घोड्याच्या रक्तजलात जंतू नव्हते. त्यात वाढणारे काहीच नव्हते. टोचल्या दिवशी होते तेवढेच, किंबहुना रोज थोडे कमीच होत जाणारे. मग आठ दिवस कोण कशाची वाट पाहत होते?

पिर्के यांचे उत्तर होते : घड्याळ रोग्याच्या हाती आहे. घोड्याचे प्रथिन परके म्हणून शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. त्याला आठ-दहा दिवस लागतात. ती तयार होऊन उरलेल्या घोड्याच्या प्रथिनाला भिडतात, तेव्हा त्या भिडण्यातून आजार होतो. दुसऱ्या वेळी शरीर तयारीतच असते, म्हणून विलंब नाही.

१५/
देवीच्या लशीनेही याला दुजोरा दिला. प्रथम लस टोचलेल्या मुलाचा फोड भरायला आठ-दहा दिवस लागत. ज्याला पूर्वी टोचले आहे, त्याच्या दंडावर दुसऱ्याच दिवशी लाली आणि खाज दिसे. लस तीच, वेळ मात्र वेगळी. फरक लशीत नव्हता, दंडाच्या मालकात होता.

१६/
१९०३ साली पिर्के यांनी संसर्गजन्य रोगांविषयीची ही कल्पना कागदावर उतरवली, पाकीट मोहोरबंद केले आणि व्हिएन्नाच्या शाही विज्ञान अकादमीत जमा करून ठेवले. शोध आपला आहे याचा पुरावा राहावा, पण तो सिद्ध होण्याआधी बोभाटा होऊ नये, यासाठी तेव्हाचे शास्त्रज्ञ असे करीत. ते पाकीट पाच वर्षांनी उघडले गेले. एकोणतिशीच्या या सहायक डॉक्टरने एवढी सावधगिरी का घ्यावी, हे समजण्यासारखे आहे.

१७/
कारण तो जे म्हणत होता, ते जवळजवळ पाखंड होते. प्रतिपिंड म्हणजे रक्षक. बेरिंगना नोबेल मिळाले ते या रक्षकाच्या शोधासाठी. शरीर स्वतःवर शस्त्र चालवण्यास कचरते, असे थोर पाउल एर्लिश सांगत होते. आणि हा तरुण म्हणत होता, की रक्षकच आजार घडवतो. घटसर्पातून मुलाला वाचवणारी आणि त्याच मुलाच्या अंगावर गांधी उठवणारी यंत्रणा एकच आहे.

१८/
याच सुमारास फ्रान्समध्ये दुसऱ्या वाटेने तेच दार ठोठावले जात होते. मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट याला समुद्रसंशोधनाचा नाद. त्याच्या नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोघे समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करू लागले. पॅरिसला परतल्यावर समुद्रपुष्पाचे विष कुत्र्यांना अगदी अल्प मात्रेत टोचून त्यांना ते सोसण्याची सवय लावावी, असा त्यांचा विचार. नेपच्यून नावाचा धडधाकट कुत्रा पहिल्या टोचणीतून सहज बरा झाला. काही आठवड्यांनी तेवढेसेच विष पुन्हा टोचले, तो पंचवीस मिनिटांत गतप्राण. सवय होण्याऐवजी उलटेच झाले होते. १९०२ साली रिशे यांनी याला ‘ॲनाफायलॅक्सिस’, म्हणजे संरक्षणाच्या उलट, असे नाव दिले. १९१३ चे नोबेल त्यांना यासाठी मिळाले.

१९/
पुढच्याच वर्षी मॉरिस आर्थस यांनी सशांना घोड्याचे रक्तजल त्वचेखाली टोचत राहून दाखवले, की पहिल्या काही टोचण्या बिनबोभाट जिरतात, नंतरच्या टोचणीची जागा मात्र सुजते, कडक होते, शेवटी सडते. म्हणजे विषाचीही गरज नव्हती. सशाला निरुपद्रवी असलेला पदार्थही पुरेसा होता.

२०/
१९०५ मध्ये पिर्के आणि शिक यांचे ‘रक्तजल-रोग’ या नावाचे पुस्तक जर्मनमध्ये आले. ते मुख्यतः रुग्णांच्या नोंदींचे पुस्तक आहे, दिवस आणि तास मोजणारे. त्यात प्रयोगशाळेची भव्यता नाही; त्या काळच्या जिवाणुशास्त्राचा दिमाख पाहता ते काहीसे रूक्षच वाटावे. तरी रोगप्रतिकारशास्त्राने रुग्णाच्या खाटेपाशी प्रथम पाय रोवले, ते याच पानांत, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

२१/
आता शब्दाची अडचण उभी राहिली. पूर्वी रक्तजल घेतलेले मूल ‘प्रतिकारक्षम’ म्हणायचे की ‘अतिसंवेदनशील’? एकाच मुलाला दोन्ही विशेषणे लागू पडत होती आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध होती. पिर्के यांना असा शब्द हवा होता, जो भले-बुरे काहीच न सांगता एवढेच सांगेल, की परक्या पदार्थाशी एकदा गाठ पडल्यानंतर हे शरीर पूर्वीसारखे वागत नाही. ग्रीकमधील ‘आलोस’ म्हणजे दुसरे, वेगळे; ‘एर्गोन’ म्हणजे कार्य. जुलै १९०६ च्या त्या लेखात त्यांनी दोहोंना जोडून ‘अलर्गी’ हा शब्द मांडला. इंग्रजीतून तो आपल्याकडे ‘ॲलर्जी’ होऊन आला. हा बदल घडवणाऱ्या पदार्थाला त्यांनी ‘अलर्गेन’ म्हटले.

२२/
शब्दाचे स्वागत थंडच झाले. रिशे यांचा शब्द आधीच प्रचारात होता, मग आणखी एक कशाला, असे अनेकांना वाटले. पिर्के वाद घालीत बसले नाहीत. त्यांनी ती कल्पना एका जुन्या, बदनाम औषधाला लावून पाहिली.

२३/
ते औषध म्हणजे ट्युबरक्युलिन. १८९० साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयावरील उपाय म्हणून ते जाहीर केले आणि साऱ्या युरोपातून क्षयरोगी बर्लिनकडे धावले. औषध फसले, काहींचा आजार उलट भडकला, काही दगावले. कॉख यांच्या कीर्तीवरचा तो सर्वांत मोठा डाग. पिर्के यांनी विचार केला : क्षयरोग्याचे शरीर या पदार्थावर भडकते आणि निरोगी माणसाचे भडकत नाही, तर मग हे औषध नसले तरी प्रश्न विचारण्याचे साधन आहे. १९०७ मध्ये त्यांनी मुलांच्या हातावर ट्युबरक्युलिनचा थेंब ठेवून त्यातून त्वचेला जरासे खरवडले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाल उंचवटा आला, तर या मुलाची क्षयजंतूशी कधी तरी गाठ पडली आहे.

२४/
निकाल हादरवणारा होता. तान्ह्या मुलांत उंचवटा क्वचितच येई; वय वाढे तसे प्रमाण चढत जाई आणि शाळा संपवण्याच्या वयातील व्हिएन्नाच्या गरीब मुलांत तर ते बहुतेकांच्या हातावर उमटे. ही मुले खोकत नव्हती, खेळत होती. जंतू अंगात आहे पण रोग नाही, या अवस्थेला पिर्के यांनी ‘सुप्त क्षय’ म्हटले. वर्षभरात फ्रान्समध्ये शार्ल माँटू यांनी खरवडण्याऐवजी बारीक सुईने त्वचेच्या थरात टोचण्याची पद्धत आणली. आपल्याकडच्या दवाखान्यांत आजही कोपराखाली टोचून, पेनाने वर्तुळ काढून, ‘दोन-तीन दिवसांनी दाखवायला या’ म्हणून सांगतात, ती हीच माँटू टेस्ट.

२५/
याच खरवडण्यातून १९०८ साली एक अनपेक्षित निरीक्षण हाती आले. ज्या मुलांच्या हातावर उंचवटा हमखास येत असे, त्यांना गोवर निघाला की तो येईनासा होई. पुरळ ओसरल्यावर काही दिवसांनी पुन्हा येऊ लागे. गोवराने शरीराला जणू जुनी ओळख विसरायला लावली होती. गोवरानंतर दबलेला क्षय उसळतो, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते. त्याला आता मोजता येणारी खूण मिळाली. २०१९ साली नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांचे गोवरापूर्वीचे व नंतरचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांच्या जुन्या प्रतिपिंडांच्या संग्रहातील ११ ते ७३ टक्के भाग पुसला गेल्याचे आढळले. एका विषाणूमुळे प्रतिकारयंत्रणेवर पडणाऱ्या छायेची पहिली नोंद मात्र १९०८ ची, खरवडलेल्या हातावरून केलेली.

२६/
इकडे शिक दुसरी एक गाठ सोडवत होते. स्कार्लेट फीव्हर बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येई. जंतू तर तेव्हा गेलेला असे. शिक यांना तो मधला अवधी ओळखीचा वाटला. १९०७ मध्ये त्यांनी मांडले, की हे जंतूचे काम नव्हे, शरीराच्या प्रतिक्रियेचे आहे, रक्तजल-रोगासारखेच. रोग संसर्गाने सुरू होतो आणि इजा प्रतिकाराने होते, अशा विकारांचे हे पहिले स्पष्ट वर्णन.

२७/
पुरावा मिळायला अर्धे शतक लागले. १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्रँक डिक्सन यांनी किरणोत्सारी आयोडिनची खूण लावलेले परके प्रथिन सशांना टोचले आणि रोज रक्त तपासले. सुरुवातीचे दिवस प्रथिन हळूहळू कमी होत राहते. मग एकाएकी झपाट्याने नाहीसे होते. सशाची प्रतिपिंडे आली, ती हीच वेळ. आणि नेमक्या त्याच दिवसांत सशाचे मूत्रपिंड, सांधे, हृदय आणि रक्तवाहिन्या सुजतात. प्रथिन आणि प्रतिपिंड यांचे लहान लहान पुंजके रक्तातून वाहत जाऊन मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात आणि तेथे दाह पेटतो. ल्युपससारख्या आजारांत मूत्रपिंड का बिघडते, याचे उत्तरही याच वाटेने मिळाले. व्हिएन्नातील ‘भिडणे’ आता डोळ्यांनी दिसले.

२८/
शिक यांचे नाव मात्र जगाला ठाऊक झाले ते त्यांच्या परीक्षेमुळे. घटसर्पाचे विष अतिसूक्ष्म मात्रेत त्वचेत टोचायचे. ज्याच्या रक्तात स्वतःचीच प्रतिपिंडे आहेत, त्याला काही होत नाही. नसतील तर लाल चकता उठतो. १९१३ साली तिने पूर्ण रूप घेतले. तिचा व्यावहारिक अर्थ मोठा होता : ज्या मुलाला रक्षणाची गरजच नाही, त्याला घोड्याचे रक्तजल टोचणे थांबवता येत होते. न्यूयॉर्कमध्ये लाखो शाळकरी मुलांवर ही परीक्षा झाली. १९२३ मध्ये पॅरिसच्या गास्तों रामाँ यांनी घटसर्पाच्या विषाला फॉर्मालिनने निर्विष करून लस बनवली आणि मुले स्वतःच प्रतिपिंडे तयार करू लागली. घटसर्पापुरती घोड्याची गरज ओसरत चालली.

२९/
एशेरिख १९११ मध्ये वारले. बाल्टिमोर आणि ब्रेस्लाउ येथे थोडा थोडा काळ राहिलेले पिर्के त्यांच्या जागी व्हिएन्नाला परतले. मग महायुद्ध आले, साम्राज्य कोसळले आणि व्हिएन्नाची मुले आता जंतूंनी नव्हे, भुकेने मरू लागली. पिर्के यांनी रोगप्रतिकारशास्त्र बाजूला ठेवले. एक ग्रॅम दुधाचे पोषणमूल्य हे एकक धरून त्यांनी आहार मोजण्याची पद्धत बसवली आणि अमेरिकन मदतसंस्थेने ऑस्ट्रियात चालवलेल्या प्रचंड बालभोजन मोहिमेची व्यवस्था पाहिली. ज्याने आयुष्यभर तक्ते ठेवले, त्याने भुकेचाही तक्ता केला. काहींना ही पद्धत हास्यास्पद वाटे. लापशी मिळालेल्या मुलांनी ती चेष्टा ऐकली नसावी.

३०/
१९२३ मध्ये शिक न्यूयॉर्कला गेले आणि माउंट सायनाय रुग्णालयात बालरोग विभागाचे प्रमुख झाले. व्हिएन्नात ज्यू डॉक्टरला वरच्या पदांची दारे सहसा उघडत नसत. पिर्के यांचे नाव नोबेलसाठी वारंवार सुचवले गेले. ते मिळाले नाही. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी पिर्के आणि त्यांच्या पत्नी मारिया यांनी व्हिएन्नातील आपल्या घरी एकत्र आयुष्य संपवले. ते ५४ वर्षांचे होते. कारणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातून निष्पन्न काहीच होत नाही. शिक १९६७ पर्यंत जगले, नव्वदीच्या घरात.

३१/
शब्दाचे काय झाले? पिर्के यांनी तो व्यापक योजला होता. त्यात रक्षण आणि इजा दोन्ही सामावत. लोकांनी त्यातली इजा तेवढी ठेवली. परागज्वर, दमा, शिंका, पित्त, एवढ्यापुरता तो उरला. १९६६-६७ मध्ये इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये या शिंका-पित्तामागचे प्रतिपिंड शोधले, त्याचे नाव आयजीई. गंमत अशी, की आजच्या काटेकोर अर्थाने पाहिले तर व्हिएन्नाच्या मुलांचा उशिरा येणारा मूळ आजार त्या आयजीईच्या खात्यात बसतच नाही. ज्या रोगावरून शब्द घडला, तो शब्दाच्या आजच्या रूढ अर्थाबाहेर राहिला.

३२/
आणि घोडे? ते आपल्या जवळच आहेत. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या अश्वपालन केंद्रातील शर्यतीस निरुपयोगी झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. तेथे त्यांच्यापासून रक्तजल काढले जाई. हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली सायरस पूनावाला यांनी पुण्यात कारखाना काढला आणि धनुर्वातविरोधी रक्तजलापासून आरंभ केला. करोनाकाळात घराघरांत पोहोचलेल्या ‘सीरम’ या नावाचा अर्थ तोच, घोड्याचे रक्तजल.

३३/
नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशावर भारतात दिले जाणारे प्रतिविष आजही घोड्याच्याच रक्तातून येते. त्याला तोडीचा पर्याय अजून बाजारात नाही. कोकणातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात भातकापणीच्या दिवसांत फुरसे चावलेला शेतकरी दहा-वीस कुप्या घेऊन वाचतो. घरी सोडताना जाणता डॉक्टर त्याला बजावतो : आठ-दहा दिवसांनी ताप आला, सांधे धरले, अंगावर गांधी उठल्या, तर घाबरू नकोस, पण इकडे ये.